खोकल्यानंतरचे तीन सेकंद

चार वर्षं मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. ना नवऱ्याला, ना ताईला. "लघवीवर ताबा राहत नाही" एवढं वाक्य मनातल्या मनात जुळवायचे आणि समोर माणूस आला की गिळून टाकायचे. माझं वय ५२. दोन बाळंतपणं, दुसऱ्या वेळी चिमटा लावावा लागला होता. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. यंदा जानेवारीत मी पहिल्यांदा डॉक्टरांसमोर तोंड उघडलं आणि मला नेमकं काय झालंय हे एप्रिलच्या शेवटी कळलं. मधल्या साडेतीन महिन्यांत कुठे थांबावं लागलं, कुठे खर्च झाला, कुठे माझीच समजूत चुकीची होती, ते जसं घडलं तसं लिहिते आहे. तेव्हा असं काही वाचायला मिळालं असतं तर माझ्या बऱ्याच रात्री जरा बऱ्या गेल्या असत्या.

सुरुवात एका लांबलेल्या खोकल्यात झाली. खोकला गेला, हे मागे राहिलं. मी पाणी पिणं कमी केलं. घराबाहेर पडताना लागलेली नसली तरी एकदा जाऊन यायचं, कुठेही पोचलं की आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते पाहून ठेवायचं, कपडे गडद रंगाचेच घ्यायचे, पाळी गेल्यावरही पॅड चालूच. हे इतकं हळूहळू अंगवळणी पडलं की याला आजार म्हणतात हे डोक्यातच राहिलं नाही. बाळंतपणं झालेल्या बाईचं असं व्हायचंच, हे लहानपणापासून कानावर पडलेलं होतं. मग नोव्हेंबरमध्ये एका संध्याकाळी कुलपात किल्ली घालता घालता दारातच, उभ्या उभ्या सगळी लघवी झाली. मागून मुलगी जिना चढून आली. ती काही बोलली नाही, टॉवेल आणून दिला. रात्री म्हणाली, "आई, हे दाखवायला हवं."

तरीही दाखवायला ९ जानेवारी उजाडली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले ते गुडघा दुखतो म्हणून. गुडघ्याचं बोलून झालं, चिठ्ठी हातात आली, उठले, आणि दाराशी जाऊन एका दमात म्हणाले, "डॉक्टर, खोकला आला की लघवी होते." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "बसा. हे आधी सांगायचं होतं." मला वाटतं, वेळ ठरवतानाच "लघवीची तक्रार आहे" एवढं सांगून ठेवावं. म्हणजे वेळही जास्त मिळतो आणि शेवटच्या क्षणी धीर गोळा करावा लागत नाही.

मी म्हटलं, थोडंसंच होतं, कधी कधी तर नुसते थेंब. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी विसरणार नाही. या विषयातली जगभर मानली जाणारी व्याख्या इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटीची आहे. ही संस्था १९७१ साली स्थापन झाली. त्या व्याख्येत आपल्या इच्छेशिवाय लघवी गळण्याची तक्रार एवढीच अट आहे. किती थेंब, किती वेळा, याला किमान मर्यादाच नाही. "तुम्हाला त्रास होतो ना, मग ती तक्रार आहे," त्या म्हणाल्या. मला तिथेच रडू आलं. त्यांनी थांबू दिलं.

मग प्रश्न सुरू झाले. खोकला, शिंक, हसणं, जड उचलणं यानं होतं का? अचानक अशी घाई लागते का की थोपवता येत नाही? पाण्याचा नळ सुरू केला, दाराशी आलं की लागते का? रात्री किती वेळा उठता? लघवी सुरू व्हायला जोर करावा लागतो का? झाल्यावर पूर्ण झाली असं वाटतं का? शौचाला साफ होते का? बाळंतपणं कशी झाली? अंग बाहेर आल्यासारखं, खाली काहीतरी ओघळल्यासारखं वाटतं का? त्यानंतर काही प्रश्न त्यांनी वेगळ्या सुरात विचारले: लघवीत रक्त दिसलं का, ओटीपोटात दुखतं का, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होतो का, दिवसरात्र सतत गळत राहतं का, पायांतली शक्ती अचानक कमी झाली का, जांघांच्या मधल्या भागात बधिरपणा आहे का. माझं सगळ्याला "नाही" होतं. यातलं एकही "हो" असतं तर वेगळ्या तपासण्या लागल्या असत्या. त्यातही पायांतली शक्ती जाणं आणि तो बधिरपणा अचानक आला, तर भेटीची वाट न बघता तातडीने दवाखाना गाठायचा असतो.

औषधांची यादी विचारली तेव्हा मात्र मी गडबडले. रक्तदाबाची गोळी चालू आहे, नाव आठवेना. मोबाईलमधला फोटो दाखवला तर त्यात लघवी वाढवणारा घटकही आहे असं निघालं. "स्वतःहून बंद करू नका," असं त्यांनी दोनदा बजावलं. घ्यायची वेळ मात्र सकाळची ठेवायला सांगितली. चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं पिशवीत घालून न्यावीत. रक्तदाबाची, झोपेची, सर्दीची, कुठलंही औषध या तक्रारीत हात घालू शकतं हे मला माहीत नव्हतं.

त्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. एक, लघवीची पट्टीवरची तपासणी. मधल्या धारेची लघवी स्वच्छ डबीत द्यायची: आधी थोडी जाऊ द्यायची, मग डबी धरायची. साखर, रक्त, प्रथिनं काही नव्हतं, पण पांढऱ्या पेशींची खूण किंचित उमटली, म्हणून कल्चरला पाठवलं. जंतुसंसर्गानेही घाई आणि गळती दोन्ही होतात, त्यामुळे तो आहे की नाही हे कळल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नसतो. तीन दिवसांनी अहवाल आला, जंतू नव्हते. रक्तातली साखरही ठीक निघाली. दुसरी गोष्ट, एक छोटी प्रश्नावली. किती वेळा गळते, किती गळते आणि रोजच्या जगण्यात किती अडथळा येतो, असे गुण असलेले तीन प्रश्न. कमाल गुण २१, माझे १५ आले. चौथ्या प्रश्नाला गुण नाहीत, कधी कधी गळते त्यावर फक्त खुणा करायच्या. मी "खोकताना, शिंकताना" वर खूण केली. "स्वच्छतागृहात पोचण्याआधीच" वर पेन टेकवून उचललं, कारण मला वाटायचं की ते सगळ्यांचंच होतं. नंतर कळलं, माझं निदान त्याच रकान्यात होतं.

निघताना डॉक्टरांनी एक छापील तक्ता दिला. मूत्राशयाची नोंदवही. तीन दिवस, त्यात कामाचेही दिवस हवेत आणि सुट्टीचाही. मापाचं भांडं घ्यायचं, प्रत्येक वेळची लघवी मोजायची, वेळ लिहायची. काय प्यायलं, किती प्यायलं तेही. घाई किती होती ते ० ते ४ मध्ये. गळली तर किती आणि त्या क्षणी काय करत होते.

मी १७, १८ आणि १९ जानेवारीला ती भरली. पहिला दिवस कठीण गेला. ऑफिसला भांडं नेणं लाजिरवाणं वाटत होतं. शेवटी झाकणाचा मापाचा डबा कापडी पिशवीत घालून नेला, कुणाच्या लक्षातही आलं नाही. तक्त्याच्या कागदाऐवजी मी मोबाईलमध्ये लिहीत गेले आणि रात्री उतरवून काढलं, हे सोयीचं पडलं. लिहायचं मात्र तेव्हाच्या तेव्हा. दुपारचं संध्याकाळी आठवून लिहिलेलं खरं नसतं, हे मी पहिल्याच दिवशी अनुभवलं.

तिसऱ्या रात्री वही समोर घेऊन बसले आणि गप्पच झाले. दिवसाला १४ वेळा, त्यातल्या दोन रात्रीच्या. सकाळची पहिली सोडली तर प्रत्येक वेळी जेमतेम ९० ते १२० मिली. फक्त पहाटेची २८० मिली. चोवीस तासांची बेरीज दोन लिटरच्या आतच. म्हणजे लघवी जास्त तयार होत नव्हती, मीच पुन्हा पुन्हा जात होते. चहा-कॉफी मिळून दिवसाला पाच कप, साधं पाणी मात्र दोन पेले. तीन दिवसांत सात वेळा गळलं होतं. त्यातली दोनच खोकल्याची. बाकी पाच वेळा आधी घाईची जोरदार कळ आली होती, मग गळलं होतं. चार वर्षं मी स्वतःला "खोकला आला की होतं" असं सांगत आले होते, आणि माझ्याच अक्षरात वेगळंच लिहिलेलं होतं.

२७ जानेवारीला वही घेऊन परत गेले. डॉक्टरांनी ती दहा मिनिटं वाचली. मग कागदावर दोन चित्रं काढून समजावलं. एका प्रकारात मूत्रमार्गाचा आधार सैल पडतो, पोटावर दाब आला की लघवी निसटते. याला स्ट्रेस इनकॉन्टिनन्स म्हणतात. स्ट्रेस ऐकून मला मानसिक ताण वाटला होता. इथे त्याचा अर्थ फक्त पोटातला दाब. दुसऱ्या प्रकारात मूत्राशयाचा स्नायू भरण्याआधीच आवळतो, त्यामुळे घाई लागते आणि पोचेपर्यंत थांबत नाही. दोन्ही असले तर मिश्र. मूत्राशय रिकामंच होत नाही आणि भरून ओसंडतं, हाही एक प्रकार. तो बाजूला काढण्यासाठी लघवी झाल्यावर आत किती उरते ते पाहावं लागतं. माझं मिश्र असावं असं त्यांना वाटलं, आणि बायकांच्या मूत्रविकारांचं काम करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे त्यांनी चिठ्ठी दिली. तिथली सर्वात जवळची तारीख ४ मार्च मिळाली. पाच आठवडे. तोवर चहा-कॉफी कमी, पाणी दिवसभरात विभागून आणि पुरेसं, बद्धकोष्ठाकडे लक्ष. पाणी कमी केल्याने लघवी दाट होते आणि मूत्राशय आणखी चिडतं, म्हणजे चार वर्षं जो उपाय म्हणून करत होते त्याने भर पडत होती.

पाच आठवडे थांबणं मला जमलं नाही. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने सुचवलं म्हणून ६ फेब्रुवारीला एका खाजगी ठिकाणी गेले. सात मिनिटांत बाहेर आले. खोकताना होतं का, हो. दोन बाळंतपणं, हो. मग मूत्रमार्गाखाली पट्टी बसवायची छोटी शस्त्रक्रिया करू, तारीख घेऊन जा. वही पिशवीतून काढली तर "त्याची गरज नाही" म्हणाले. आतून तपासणी नाही, खोकून दाखवायला सांगणं नाही, लघवीनंतरची सोनोग्राफी नाही. मी तारीख घेतलीही, २० मार्चची, आणि घरी येऊन दोन दिवस सुटल्यासारखं वाटलं. एकदा शस्त्रक्रिया झाली की संपलं! मग मुलीने विचारलं, "पण ती पाच वेळची घाई, ती पट्टीने कशी जाणार?" मला उत्तर देता येईना. पट्टीची शस्त्रक्रिया वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही, पुष्कळ बायकांना तिचा उपयोग झालेला आहे. पण वही न बघता, न तपासता ठरवलेल्या तारखेला "हो" म्हणायची घाई मी केली, आणि ती कुणी करू नये असं मला मनापासून वाटतं.

४ मार्च. येताना मूत्राशय बऱ्यापैकी भरलेलं असू द्या, असा निरोप होता. प्रवासात ते किती अवघड आहे हे ज्यांना हा त्रास आहे त्यांना सांगायला नको. मी पॅड लावून, कपड्यांचा जादा जोड घेऊन गेले. आधी बोलणं झालं, मग तपासणी. तपासणीच्या वेळी सिस्टर सोबत थांबल्या. हे आपण मागूही शकतो. कमरेखालचे कपडे काढून, पाय वर घेऊन झोपायचं, अंगावर चादर. पोट हाताने चाचपून पाहिलं, आतून तपासलं. योनीतली त्वचा पातळ आणि कोरडी झाली होती. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं, त्याचा परिणाम मूत्रमार्गावरही होतो. अंग थोडंसं खाली आलेलं होतं, पण काही करण्याइतकं नाही.

मग त्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर म्हणाल्या, "लघवी मधेच रोखताना जसं आवळता, तसं माझ्या बोटाभोवती आवळा." मी आवळलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही खाली ढकलताय." मोबाईलवर बघून मी सहा महिने केगेलचे, म्हणजे लघवी रोखणारे स्नायू आवळण्याचे, व्यायाम करत होते, आणि सहा महिने उलटं करत होते! त्यांनी सांगितलं, हे बऱ्याच जणींचं होतं. आर्नल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले तेव्हा सोबत दाब मोजायचं उपकरणही वापरलं होतं, बरोबर आवळलं जातंय की नाही ते त्या बाईला स्वतःला दिसावं म्हणून. नीट समजावल्यावर आवळलं तेव्हा ताकद ५ पैकी २ निघाली.

त्यानंतर खोकल्याची चाचणी. झोपून जोरात खोकले, काही झालं नाही. मग उभं राहायचं, पाय थोडे फाकवून, खाली कागद अंथरलेला. तपासणीच्या टेबलापाशी अर्धवट कपड्यांत उभं राहून, दुसऱ्या बाईच्या देखत, लघवी व्हावी म्हणून खोकायचं. इतकी वर्षं जे लपवलं तेच करून दाखवायचं होतं. सिस्टर हळूच म्हणाल्या, "ताई, इथे झालं तरच कळणार आहे, बिनधास्त खोका." मी खोकले. कागद कोरडा. एक, दोन, तीन, डॉक्टर मोजत होत्या, आणि मग पोटात ती ओळखीची कळ आली आणि भसकन बरीच लघवी झाली. थांबवता येईना.

मी मान खाली घातली. डॉक्टरांचा आवाज मात्र उत्सुक होता. म्हणाल्या, "खोकताक्षणी थोडी उडाली आणि लगेच थांबली असती तर ती स्ट्रेस. तुमची खोकल्यानंतर आली, उशिरा आली आणि भरपूर आली. खोकल्याने मूत्राशयाला धक्का बसला आणि ते आवळलं, असं दिसतंय." चार वर्षांत प्रत्येक वेळी हे तीन सेकंद मधे होते. मी ते कधी पाहिलेच नव्हते, कारण खोकला आला की मी आधीच घाबरून पाय आवळून घ्यायचे.

स्वच्छतागृहात जाऊन आले, मग पोटावरून सोनोग्राफी: आत २५ मिली उरली होती. ५० च्या आत म्हणजे उत्तम. ओसंडण्याचा प्रकार बाद झाला.

मी २० मार्चच्या तारखेचं सांगितलं. त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांबद्दल वाकडा शब्द काढला नाही. एवढंच म्हणाल्या की आधी युरोडायनॅमिक्स करू, म्हणजे मूत्राशय भरताना आणि रिकामं होताना आतला दाब मोजायची चाचणी. मी विचारलं, ही सगळ्यांना लागते का? नाही, त्या म्हणाल्या. २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ६३० बायकांचा अभ्यास आला होता. साधी, निर्भेळ स्ट्रेस असलेल्या आणि नीट तपासलेल्या बायकांमध्ये शस्त्रक्रियेआधी ही चाचणी करा किंवा न करा, वर्षभरानंतरचा निकाल जवळजवळ सारखाच. पण माझं प्रकरण साधं नव्हतं: वही एक सांगत होती, मी तोंडाने दुसरं सांगत होते आणि शस्त्रक्रिया तोंडावर होती. अशा वेळी ही चाचणी उपयोगी पडते. मी शस्त्रक्रियेची तारीख फोन करून रद्द केली.

आता कागदपत्रं. युरोडायनॅमिक्स हा या सगळ्यातला सर्वात मोठा खर्च होता. तोवरच्या सगळ्या भेटी, लघवी-रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी मिळून जेवढे पैसे गेले, त्याच्या जवळपास दुप्पट ही एकटी. विम्याची पूर्वसंमती मागितली तर पहिल्यांदा नकार आला. कारण "दाखल न होता केलेली तपासणी, वैद्यकीय आवश्यकता नमूद नाही". डॉक्टरांनी अर्ध्या पानाचं पत्र दिलं: लक्षणं, खोकल्याच्या चाचणीत काय दिसलं, शस्त्रक्रियेचा सल्ला दिला गेला आहे म्हणून निश्चित निदान का हवं. त्यासोबत वहीची आणि सोनोग्राफीची प्रत जोडली. तीन आठवड्यांनी अर्ध्याहून थोडी जास्त रक्कम मंजूर झाली. हे पत्र पहिल्याच अर्जाला जोडलं असतं तर ते तीन आठवडे वाचले असते. जिथे तपासणी करायची तिथे एकूण किती खर्च येईल हेही आधी लेखी विचारून घ्यावं, कारण नळ्या आणि किटचे पैसे माझ्या बिलात वेगळे लागले.

१६ एप्रिलला चाचणी झाली. दोन दिवस आधी पुन्हा लघवी तपासली, कारण जंतुसंसर्ग असेल तर ती करत नाहीत. मूत्राशयाची काही औषधं चालू असतील तर तीही आधी बंद करायला सांगतात, मला नव्हतीच. उपाशी राहावं लागत नाही. भूलही नाही. संमतिपत्रात चार गोष्टी होत्या: जळजळ, थोडं रक्त, जंतुसंसर्गाची शक्यता आणि क्वचित लघवी अडकणं. सही करण्याआधी वाचलं आणि विचारलंही.

आधी एका खास खुर्चीवर बसून लघवी करायची. खाली यंत्र असतं, ते धारेचा वेग मोजतं. खोलीतून सगळे बाहेर जातात. किमान १५० मिली तरी व्हावी लागते, नाहीतर आकडा भरवशाचा नसतो. माझी १७० झाली. मग टेबलावर. मूत्रमार्गातून एक अगदी बारीक नळी, साधारण दोन मिलिमीटर जाडीची, जेल लावून घातली. दोन सेकंद चरचरलं, दुखलं म्हणण्याइतकं नाही. दुसरी नळी गुदमार्गात, तिच्या टोकाला लहानसा फुगा. ती नकोशी वाटली, दुखली नाही. या दोन नळ्या का, ते मी विचारलं तर तंत्रज्ञ बाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. एक रेघ मूत्राशयातला दाब दाखवते, दुसरी पोटातला. खोकलं की दोन्ही वर जातात. पहिल्यातून दुसरी वजा केली की उरतो तो फक्त मूत्राशयाच्या स्नायूचा दाब. ती तिसरी रेघ. भरत असताना ती सपाट राहायला हवी.

सलाईन हळूहळू आत सोडायला लागले. "पहिल्यांदा जाणवलं की सांगा." ७० मिलीला सांगितलं. "आता साधारण लागली की सांगा." ११० ला. १६० ला जोराची. तेव्हा तिसरी रेघ उचलली गेली, आणि त्याच क्षणी पोटात तीच कळ. मी पडद्याकडे बघत होते. चार वर्षं जे फक्त मला जाणवत होतं त्याची रेघ समोर उमटत होती. मला आठवतं, मी मोठ्याने म्हणाले, "हेच! हेच होतं!" मग नळ सोडून पाण्याचा आवाज ऐकवला, पुन्हा रेघ वर आणि थोडी गळती. उभं करून खोकायला लावलं. तीन वेळा खोकले. एकदा खोकताक्षणी एकच थेंब आला आणि रेघ सपाट. दोनदा आधी काही नाही, मग रेघ चढली आणि लघवी झाली. २३० मिलीला मी थांबा म्हटलं. शेवटी नळ्या असतानाच लघवी करायची. हे मला सर्वात अवघड गेलं, लोक बाहेर गेले तरी पाच मिनिटं सुरूच होईना. कुणी घाई केली नाही. सगळं मिळून पाऊण तास.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उन्हाळी लागल्यासारखी जळजळ होती, पाणी जास्त प्यायले आणि गेली. ताप, थंडी किंवा दोन दिवसांनंतरही जळजळ राहिली तर कळवायला सांगितलं होतं, तशी वेळ आली नाही. त्या दिवशी रजा घेतली ते बरं झालं. शरीरापेक्षा मन थकलं होतं.

२४ एप्रिलला अहवाल हातात आला. मिश्र प्रकार. त्यात घाईचा भाग मुख्य, खोकल्याने चाळवणारं अतिक्रियाशील मूत्राशय. स्ट्रेसचा भाग आहे, पण किरकोळ. शस्त्रक्रिया आत्ता नाही. डॉक्टरांनी सांगितलं की पट्टी बसवली असती तर तो एक थेंब थांबला असता आणि घाई तशीच राहिली असती, कदाचित वाढलीही असती.

नवऱ्याला त्या रात्री सगळं सांगितलं, अहवालासकट. त्यांनी शांतपणे वाचला आणि विचारलं, "इतके दिवस एकटीच?" मला काही बोलता आलं नाही.

उपचार सुरू होऊन आता सात आठवडे होतील. मूत्राशयाला सवय लावायची: दोन जाण्यांमधलं अंतर आधी तासाभराचं, मग दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवत न्यायचं. कळ आली की धावायचं नाही, जागीच थांबून चार-पाच वेळा पटापट आवळायचं आणि ती ओसरली की चालत जायचं. हे किमान सहा आठवडे. फिजिओथेरपिस्टकडे दर पंधरा दिवसांनी जाते, आवळणं बरोबर होतंय का ते त्या तपासतात, तो व्यायाम तीन महिने तरी करायचा आहे. योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम आहे. एवढ्याने भागलं नाही तर गोळ्या, असं ठरलं आहे.

८, ९ आणि १० जूनला पुन्हा वही भरली. दिवसाला ९ वेळा, बहुतेक वेळा १६० ते २०० मिली. तीन दिवसांत दोन वेळा गळलं, दोन्ही वेळा दाराशी किल्ली काढताना. रात्रीचं उठणं अजून दोनदाच आहे, त्यात फरक नाही. चहा संध्याकाळी सहानंतर बंद करून बघा, असं फिजिओ म्हणाल्या आहेत. पुढची भेट २२ जुलैची, गोळी सुरू करायची की नाही ते तेव्हा ठरेल. त्याआधी आणखी तीन दिवस वही भरायची आहे. या खेपेला मापाचा डबा ऑफिसच्या कपाटातच ठेवला आहे.